दुकानापुढची पंधरा फूट जागा

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरची सर्वांत मोलाची जागा कोणती, असे कोणी विचारले तर बहुतेक जण एखाद्या सराफी पेढीचे किंवा साड्यांच्या मोठ्या दुकानाचे नाव घेतील. तिथल्या भाड्याचे आणि पागडीचे आकडे बाजारात चवीने सांगितले जातात. माझे उत्तर थोडे वेगळे आहे. ही मोलाची जागा दुकानाच्या आत नाही, ती दुकानासमोर, पदपथाला लागून आहे. साधारण पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद. एक मोटार किंवा पाच-सहा दुचाक्या मावतील एवढी. दुकानातल्या प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. या पंधरा फुटांचा हिशेब मात्र ना मालकाच्या वहीत, ना महापालिकेच्या. वर्षानुवर्षे ती जागा फुकट वापरली गेली. ‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली आवडती म्हण. पण या फुकटच्या खुराकाने पेठेतला व्यापार बाळसे धरण्याऐवजी रोडावत चालला आहे, असे माझे मत आहे आणि तेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

पुणेकराला ‘पी-वन’ आणि ‘पी-टू’ या पाट्या शिकवाव्या लागत नाहीत. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला. बाहेरगावचा पाहुणा या पाटीखाली उभा राहून बोटांवर तारखा मोजतो, चुकतो आणि परत येतो तेव्हा त्याची दुचाकी उचलून नेलेली असते. मला या पद्धतीत एक गंमत दिसते. ती तुम्हाला तारीख विचारते, पण वेळ विचारत नाही. योग्य बाजूला गाडी लावली की ती दहा मिनिटांनी हलवा नाहीतर दहा तासांनी, नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. बाजारपेठेच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कोणत्याही दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास पेठेतल्या एखाद्या व्यापारी रस्त्यावर उभे राहून पाहावे. रस्ता अजून मोकळा असतो. पहिली गाडी येते ती दुकानमालकाची. मागोमाग दोन-तीन दुचाक्या येतात, त्या दुकानातल्या मुलांच्या. मग वरच्या मजल्यावरच्या वकिलांची, कर सल्लागारांची, शिकवणीवाल्यांची वाहने येतात. शटर वर जाते, उदबत्ती लागते, आणि अकरा वाजता पहिले गिऱ्हाईक येते तेव्हा समोरची सारी जागा भरलेली असते. जी माणसे विकायला बसली आहेत त्यांनीच विकत घ्यायला येणाऱ्यांची जागा अडवलेली असते. यात कोणाचा दुष्टावा नाही. जागा फुकट आहे, आधी येईल त्याची आहे, आणि दुकान उघडणारा माणूस गिऱ्हाइकाच्या आधीच येणार!

आता थोडे साधे गणित करू. बाजार दहा तास चालतो असे धरा. एका गाडीने ती जागा दिवसभर अडवली तर त्या जागेने बाजाराला एक माणूस दिला, आणि तोही बहुधा खरेदी न करणारा. तीच जागा प्रत्येकाने पाऊण तास वापरली तर दिवसाकाठी तेरा गाड्या येऊन जातील. त्यांतल्या निम्म्यांनी जरी काही खरेदी केली तरी त्या पंधरा फुटांनी सहा गिऱ्हाइके आणली. रस्ता तोच, रुंदी तीच. एक वीटही न रचता जागा तेरापट झाली. वाहनतळाच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे नेहमी ‘जागा कुठून आणायची’ इथून सुरू होते. जी आहे ती दिवसभर कोण वापरतो, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

हे दुखणे एकट्या पुण्याचे नाही आणि आजचेही नाही. जगातले पहिले पार्किंग मीटर याच दुखण्यातून जन्माला आले. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरात दुकानदारांची तक्रार होती की, भर बाजारातल्या जागा नोकरदार माणसे सकाळी येऊन अडवतात आणि गिऱ्हाइकाला थांबायला ठिकाण उरत नाही. तिथल्या व्यापारी मंडळाने हा प्रश्न कार्ल मॅगी नावाच्या गृहस्थांकडे सोपवला. हे मॅगी व्यवसायाने वृत्तपत्राचे संपादक. त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मंडळींची मदत घेऊन नाणे टाकल्यावर चालणारे घड्याळ तयार करवले, आणि १६ जुलै १९३५ रोजी ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दर तासाला पाच सेंट. सुरुवातीला मीटर रस्त्याच्या एकाच बाजूला होते. पण त्या बाजूला गिऱ्हाइकांची ये-जा वाढलेली पाहून समोरच्या दुकानदारांनीही ‘आमच्याकडेही बसवा’ अशी मागणी केली, असे सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीला आपला व्यापारी आज आपल्या पोटावर पाय समजतो, ती व्यापाऱ्यांच्याच आग्रहाने जगात आली.

मग आपल्याकडे उलटे का झाले? पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले. रस्त्यांची वर्दळ पाहून वेगवेगळे दर असावेत, ही त्यामागची मूळ कल्पना चांगली होती. तिला देशाच्या धोरणाचाही आधार होता. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेच म्हटले होते की, शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जमिनीचे खरे मोल दाखवणारे असावे. पण पुण्यात विरोधाचे मोहोळ उठले. पक्ष रस्त्यावर उतरले, व्यापारी संघटना तापल्या, ‘रस्ता आमचा, कर आम्ही भरतो, मग पुन्हा पैसे कसले?’ असा सवाल घरोघर विचारला गेला. शेवटी सभेने धोरणाला मान्यता दिली ती पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर अंमल करण्यापुरती. आणि तो प्रयोगही पुढे वर्षानुवर्षे कागदावरच राहिला.

या विरोधाला ‘फुकट्यांचा कांगावा’ म्हणून हिणवणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण त्यामागे अनुभव आहे. आपल्या शहरांत ‘पे अँड पार्क’ म्हटले की डोळ्यांपुढे जे चित्र येते ते मीटरचे नाही, ठेकेदाराच्या माणसाचे आहे. पाटीवर एक दर, तोंडी दुसरा. पावती मागितली की ‘सुटे नाहीत’. आणि गाडीला ओरखडा पडला की ‘जबाबदारी मालकाची’. गोळा झालेला पैसा महापालिकेच्या तिजोरीत किती गेला, ठेकेदाराच्या खिशात किती गेला, आणि तिजोरीतून तो कोणत्या वाटेने कुठे गेला हे नागरिकाला कधीच कळत नाही. अशा वेळी त्याने पैसे द्यायला नकार दिला तर तो अडाणी ठरत नाही.

माझे एक स्नेही पेठेत कापडाचे दुकान चालवतात. दोन पिढ्यांचे दुकान. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला तेव्हा ते उसळलेच. “अहो, आधीच लोक घरबसल्या मोबाइलवर मागवतात. त्यात तुम्ही गाडी लावायला पैसे घेणार! उरलंसुरलं गिऱ्हाईकही मॉलमध्ये जाईल.” मी विचारले, “आज गिऱ्हाइकाला समोर जागा मिळते का?” ते हसले. “कुठली मिळतेय! बायका फोन करून विचारतात, दुकानासमोर जागा आहे का? मी म्हणतो, या तर खरं, बघू. त्या येतच नाहीत.” थोड्या वेळाने तेच म्हणाले, “पैसे घ्या, माझी ना नाही. पण ते माझ्या गल्लीत दिसले पाहिजेत. फुटलेली फरशी बदललेली दिसली, बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह झालेलं दिसलं, तर मीच पहिली पावती फाडतो.”

या दोन वाक्यांत या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. आणि ते आधी एका शहराने करूनही पाहिले आहे.

लॉस एंजेलिसजवळ पॅसाडेना नावाचे शहर आहे. त्याची जुनी बाजारपेठ, ओल्ड पॅसाडेना, एके काळी वैभवात होती आणि मग उतरणीला लागली. इमारती पडीक झाल्या, मागच्या बोळांत जायची लोकांना भीती वाटू लागली. पुढे काही जुन्या इमारतींची डागडुजी झाली, पण रस्त्याकडेच्या जागा तिथेही दुकानांतले कर्मचारीच अडवत. शहराने मीटर बसवायचे म्हटले तेव्हा व्यापाऱ्यांनी अगदी आपल्यासारखाच विरोध केला. तेव्हा शहराने एक वचन दिले: या भागातल्या मीटरचे उत्पन्न याच भागावर खर्च होईल. विरोध मावळला. १९९३ मध्ये मीटर बसले, तासाला एक डॉलर, संध्याकाळी आणि रविवारीसुद्धा. त्या उत्पन्नाच्या भरवशावर शहराने ५० लाख डॉलरचे कर्ज उभारले आणि पदपथ, दिवे, झाडे, मागचे बोळ असे सारे नव्याने केले. रोजची झाडलोट आणि वाढीव गस्तही त्याच पैशातून होऊ लागली. लोक येऊ लागले, दुकाने चालू लागली आणि विक्रीकराचे उत्पन्न भराभर वाढले.

ही हकिकत जगापुढे आणली ती कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. गाडी फुकट उभी करण्याची समाजाला किती किंमत मोजावी लागते यावर २००५ मध्ये त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी पॅसाडेनाच्या शेजारी वेस्टवूड व्हिलेज या दुसऱ्या बाजारपेठेचे उदाहरण ठेवले. तिथे १९९४ मध्ये व्यापाऱ्यांच्या मागणीवरून मीटरचा दर निम्म्यावर आणला गेला. मीटरचा पैसा पदपथांवर परत येत नव्हता; ते उखडलेलेच राहिले, रस्त्यावर जागा मिळेनाशी झाली आणि बाजार काही सावरला नाही. केवळ मीटरमुळे एक बाजार तरला आणि दुसरा बुडाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बाजारपेठेच्या चढउताराला अनेक कारणे असतात. पण दर कमी केल्याने गिऱ्हाईक वाढते हा समज त्या उदाहरणाने निकालात निघतो. गिऱ्हाइकाला फुकट जागेपेक्षा खात्रीची जागा हवी असते. मॉलमध्ये तो जातो त्यामागेही ती खात्री हेच मोठे कारण आहे.

दर किती असावा, यावरही शूप यांचे सांगणे मोठे व्यवहारी होते. दर इतकाच असावा की प्रत्येक चौकापासून पुढच्या चौकापर्यंत एक-दोन जागा कायम मोकळ्या राहाव्यात. सारी जागा भरत असेल तर दर कमी आहे. निम्मी रिकामी असेल तर दर जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून याच तत्त्वावर प्रयोग केला. रस्त्यारस्त्यावरची गर्दी मोजून ठरावीक काळाने दर थोडा वर किंवा थोडा खाली केला. गर्दीच्या ठिकाणी तो वाढला, पण शांत रस्त्यांवर उतरलाही, आणि प्रयोगाच्या काळात मीटरचा सरासरी दर किंचित कमीच झाला. तिजोरी भरण्यासाठी ठरवलेला दर आणि जागा मोकळी ठेवण्यासाठी ठरवलेला दर यांत हा फरक आहे. भाजीच्या दराची चढउतार रोज पाहणाऱ्या मंडईच्या गावाला हे तत्त्व समजायला जड जाऊ नये.

अमेरिकेतली उदाहरणे पुण्याला जशीच्या तशी लागू होत नाहीत, हे मी जाणतो. तिथे प्रश्न मोटारींचा होता. आपल्याकडे तो मुख्यतः दुचाक्यांचा आहे. २०१८ मध्येच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येहून अधिक झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. दुचाकी ही इथे चैन नाही. दुकानात काम करणारी मुलगी धायरीहून किंवा हडपसरहून त्याच दुचाकीवर येते, आणि दिवसभराचे शुल्क तिने पगारातून भरावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून आपली व्यवस्था आपल्यालाच आखावी लागेल. दुचाकीला पहिला अर्धा तास नाममात्र दर, नंतर चढता. दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बाजारापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावरच्या वाहनतळाचा स्वस्त मासिक पास, आणि त्याचा काही वाटा मालकांनी उचलावा, कारण मोकळ्या झालेल्या जागेवर येणारे गिऱ्हाईक त्यांचेच आहे. वाड्यांतून आणि जुन्या इमारतींतून राहणाऱ्या रहिवाशांना रात्रीचा परवाना. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरलेली वेळ, म्हणजे भर दुपारी बोहरी आळी किंवा तपकीर गल्ली तुंबणार नाही.

न्यायाचा आणखी एक मुद्दा आहे. परवानाधारक पथारीवाला आपल्या चार-सहा फुटांच्या जागेसाठी महापालिकेला शुल्क देतो. परवाना नसेल तर अतिक्रमणाची गाडी त्याचा माल उचलून नेते. त्याच्या शेजारी त्याच रस्त्यावर त्याच्या कित्येक पट जागा व्यापून एखादी मोटार दिवसभर फुकट उभी असते, आणि तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. जो जागेवर पोट भरतो त्याने पैसे द्यायचे आणि जो जागेवर नुसते लोखंड ठेवतो त्याने द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय?

‘मग मोठमोठे वाहनतळ बांधा’ असे लगेच सुचवले जाते. मंडई परिसरात आणि नारायण पेठेत हमालवाड्याला महापालिकेचे वाहनतळ आहेतच. आणखी बांधायला पेठांत जमीन कुठे आहे? आणि बांधले तरी, समोरचा रस्ता फुकट आणि वाहनतळाला पैसे असा भाव असेल तर माणूस आधी रस्त्यावरच घिरट्या घालणार. खासगी इमारतींची गोष्टही निराळी नाही. नकाशात वाहनांसाठी दाखवलेल्या तळघरात प्रत्यक्षात गोदाम असते, आणि त्या इमारतीच्या गाड्या रस्त्यावर येतात. रस्त्यावरच्या जागेला मोल आले की ही तळघरेही हळूहळू मोकळी होतील.

शिवाय गिऱ्हाईक म्हणजे गाडीवालाच, हा समजही तपासायला हवा. तुळशीबागेत मोटार शिरतच नाही, तरीही तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. डिसेंबर २०२१ मध्ये महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एका दिवसापुरता वाहनांना बंद करून ‘पादचारी दिन’ साजरा केला आणि लोकांनी रस्ता भरून टाकला. त्याच वर्षी पीएमपीएमएलने मध्यवर्ती भागात दहा रुपयांत दिवसभर फिरता येईल अशी छोट्या बसची ‘पुण्यदशम’ सेवा सुरू केली होती. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट मंडईत माणसे आणून सोडते. स्थानकातून वर येणाऱ्या त्या माणसाला लक्ष्मी रस्त्यापर्यंत सुखाने चालत जाता येते का? त्याच्या वाटेतला पदपथ दुरुस्त करायला पैसा लागेल, आणि तो मोटार उभी करणाऱ्याकडून आला तर त्यात वावगे काय?

तेव्हा मागणी सरळ आहे. एकदम साऱ्या शहरावर धोरण लादू नये. लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा घ्यावा, दोन चौकांमधला. तिथल्या व्यापाऱ्यांना आणि रहिवाशांना आधी बोलावून, या जागेचे पैसे याच टप्प्यावर खर्च होतील असे लेखी वचन द्यावे. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळे लेखाशीर्ष ठेवावे. ठेकेदाराच्या पावतीपुस्तकाऐवजी मोबाइलवरून किंवा यंत्रातून पैसे घ्यावेत, म्हणजे प्रत्येक रुपयाची नोंद राहील. आणि चौकात एक फळा लावावा, अगदी गणेशोत्सवातल्या मंडळाच्या जमाखर्चाच्या फळ्यासारखा. या महिन्यात इतके जमले. इतक्याच्या फरश्या, इतके दिवे, स्वच्छतागृहाच्या देखभालीला इतके, शिल्लक इतकी. वर्गणी द्यायला पुणेकर कधी मागे हटलेला नाही. फक्त मांडव उभा राहिलेला त्याला दिसावा लागतो.

कोल्हापूरचा महाद्वार रोड, नाशिकचा मेन रोड, नागपूरची सीताबर्डी, दादरचा रानडे रोड, या साऱ्यांचे दुखणे कमी-अधिक हेच आहे. या बाजारपेठांनी आपापल्या गावांना नुसता माल विकला नाही. लग्नाचा बस्ता, शाळेची पहिली वह्यापुस्तके, दिवाळीचे कपडे अशा घराघरांतल्या आठवणी त्यांनी घडवल्या आणि हजारो घरांच्या चुली त्यांच्यावर पेटल्या. त्या टिकाव्यात असे वाटत असेल तर दुकानदाराने एक साधी गोष्ट करावी. उद्या सकाळी शटर उघडण्याआधी स्वतःची गाडी कुठे लावली ते पाहावे. ती जर दुकानासमोरच असेल, तर आजच्या दिवसाचे पहिले गिऱ्हाईक त्याने स्वतःच परत पाठवले आहे.